एक तास लाईट बंद केली आणि दिसला काय तर शेजारचा फोकस

माळवदावरचा | २८ मार्च, रात्री ११:१०

मंडळी, आत्ताच गच्चीवरून खाली आलोय, डोकं जरा गरम आहे म्हणून धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आज अर्थ अवर होता. मार्चच्या शेवटाला एका शनिवारी साडेआठ ते साडेनऊ दिवे बंद ठेवायचे, २००७ ला सिडनीत सुरू झालं, डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गरक्षणाची संस्था आहे ना, तेच चालवतात, आता जगभर होतं. माझ्या पोरीच्या डोक्यात ते शिरलं आणि तिनं आठ दिवस गल्लीत घरोघरी हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. जुळे सोलापूरची आमची गल्ली, चाळीसेक घरं. खरं सांगतो, मला वाटलं होतं पाचदहा घरं बंद करतील, तेवीस झाली! दोन काकू तर भाजी अर्धवट टाकून गच्चीवर आल्या. आमची आई गुडघे धरत धरत जिना चढली, कारण तिला लहानपणी माळवदावर झोपताना दिसायचं ते नातीला दाखवायचं होतं.

आणि वर बघतोय तर काय, आकाश दुधाळ. गल्लीच्या टोकाला एक मंगल कार्यालय आहे, त्याच्या पार्किंगला खांबावर दोन एलईडी फोकस, तोंड सरळ आमच्या गच्च्यांकडे. आज तिथं लग्न नाही, साखरपुडा नाही, एक कुत्रं झोपलेलं, आणि त्या कुत्र्यावर हा उजेड. गल्लीतले दिवे गेल्यावर तर तो जास्तच खुपायला लागला. पोरगी म्हणाली बाबा आपण लाईट बंद करून त्या काकांचा फोकस बघायला आलो का. काय उत्तर देणार.

माझा प्रश्न एवढाच, हे एक तासाचं नाटक करून खरंच काही वाचतं का? आणि नसेल वाचत तर पोरीला काय सांगू?

चटणीभाकरी | २८ मार्च, ११:२४

काय बे, दिवे बंद करून खाली हॉलमधला एसी चालू होता का नव्हता ते सांग आधी

माळवदावरचा | २८ मार्च, ११:२६

चालू होता. मार्चातच इतकं तापायलंय काय करणार.

चटणीभाकरी | २८ मार्च, ११:२७

हां, मग झोप आता

गुणाकार | २९ मार्च, सकाळी ७:४०

वाचतं का याचा हिशोब सकाळी चहाबरोबर केला. तुमच्या चाळीसही घरांनी भाग घेतला असता, दर घरी ९ वॉटचे सहा बल्ब तासभर बंद, तर ४० गुणिले ६ गुणिले ९ म्हणजे २१६० वॉट-तास, म्हणजे २.१६ युनिट. तेवीस घरांचे सव्वा युनिट. बास. एक हजार वॉट एक तास चालले की एक युनिट होतं हे लक्षात असू द्या, ९ वॉटचा बल्ब १११ तास जाळला तेव्हा कुठं एक युनिट होतं.

आता तो फोकस घ्या. पार्किंगचे असतात ते साधारण २०० वॉटचे. संध्याकाळी सातला लागतो, सकाळी सहाला बंद, अकरा तास, २.२ युनिट. एकट्याचे! म्हणजे अख्ख्या गल्लीनं अंधारात बसून जेवढं वाचवलं असतं त्यापेक्षा जास्त एक फोकस एका रात्रीत खातो, आणि तिथं दोन आहेत. महिन्याचे १३२ युनिट, झोपलेल्या कुत्र्यासाठी.

आणि दीड टनी एसी तासाला साधारण दीड युनिट. चटणीभाकरींचा मुद्दा बरोबर आहे.

रिटायर्डवायर | २९ मार्च, ९:०५

मी सबस्टेशनमध्ये ३१ वर्षं काढली म्हणून थोडं सांगतो. एक तास दिवे बंद केल्यानं कोळसा तेवढा कमी जळतो असं सरळ गणित नसतं. औष्णिक संच म्हणजे चूल नाही की लाकूड ओढलं आणि विझली, तो हळूहळू चढतो हळूहळू उतरतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते, मागणी एकदम पडली की ती वर जाते, एकदम वाढली की खाली.

आठवतं का ५ एप्रिल २०२०, कोरोनात रात्री नऊला नऊ मिनिटं देशभर दिवे बंद केले होते ते? त्या वेळी देशाची मागणी वीस-पंचवीस मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं पडली. आपल्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प १३२० मेगावॅटचा, ६६० चे दोन संच. म्हणजे तसले तेवीस प्रकल्प पाऊण तासाच्या आत बंद करून परत चालू करायचे असं समजा. निभावलं ते मुख्यतः जलविद्युतवर, पाण्याचं झाकण मिनिटात कमी-जास्त करता येतं. त्या दिवशी आमचे जुने लोक घरी बसून देव पाण्यात घालून बसले होते आणि तुम्ही लोक गच्चीवर थाळ्या वाजवत होता (थाळ्या आधीच्या आठवड्यांतल्या, माहीत आहे, तरी).

अर्थ अवरनं असं काही होत नाही, माणसं कमी असतात. पण म्हणून बचत पण नाममात्र. बचत रोजच्या सवयीत असते. एसी २० वर ठेवायचा तो २५-२६ वर ठेवा, एका अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. जुना पंखा ७५ वॉट, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसच्या आत. यात पैसे पण वाचतात.

अगस्ती | २९ मार्च, १०:३०

दोघांचंही बरोबर पण तुम्ही फक्त मीटर बघायलात. माळवदावरचा यांनी धागा काढला तो आकाश दिसलं नाही म्हणून, बिल आलं म्हणून नाही.

पहिली गोष्ट, काल चैत्र शुद्ध दशमी होती. डोक्यावर एवढा मोठा चंद्र. सगळं सोलापूर बंद केलं असतंत तरी आकाशगंगा दिसली नसती. अर्थ अवर कॅलेंडरच्या शनिवारावर ठरतो, तिथीवर नाही, त्यामुळं हे दर एक-दोन वर्षांनी होतंच. खरं बघायचं तर अमावस्येच्या मागंपुढं बघा. १७ एप्रिलला आहे.

दुसरी, आणि खरी महत्त्वाची गोष्ट. दिवा किती वॉटचा यापेक्षा त्याचं तोंड कुठं आणि रंग कुठला हे आकाशाला जास्त लागतं. जो उजेड जमिनीवर पडतो तो कामाचा, जो आडवा आणि वर जातो तो हवेतल्या धुळीवर-बाष्पावर आपटून पसरतो आणि अख्खं आकाश उजळतो. आपल्याकडं धूळ काय कमी आहे का. आणि पांढरा निळसर एलईडी पिवळ्यापेक्षा जास्त पसरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं. पूर्वी रस्त्यावर ते नारिंगी सोडियमचे दिवे असायचे, ते डोळ्याला बरे होते. एलईडी आला तेव्हा वाटलं वीज वाचेल, वाचली पण, आणि स्वस्त पडतोय म्हटल्यावर एकाच्या जागी चार लावले.

२०११ ते २०२२ या काळात जगभरच्या साध्या लोकांनी आपापल्या गच्चीवरून किती तारे दिसतात याच्या नोंदी पाठवल्या, त्यावरून असं निघालं की आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय. आठ वर्षांच्या आत दुप्पट. म्हणजे ज्या पोराच्या जन्माच्या वेळी २५० तारे दिसत होते त्याला अठराव्या वर्षी शंभर दिसणार.

गड्डाफॅन | २९ मार्च, १२:१५

मग गड्ड्याच्या जत्रेला पण लाईट लावायची नाही का आता? होम मैदानावरचा पाळणा, सिद्धेश्वर तलावात पडलेली ती रोषणाई, शोभेचं दारूकाम, हे सगळं बंद?? सोलापूरकर जगायचे कशावर बे

अगस्ती | २९ मार्च, १२:४१

कुणी म्हटलं ओ. संक्रांतीचा गड्डा वर्षातनं एकदा, मी स्वतः पाळण्यात बसून भज्जी खातो. रोज रात्री रिकाम्या पार्किंगला गड्डा कशाला एवढंच विचारतोय.

नाईटशिफ्ट | २९ मार्च, दुपारी ४:५०

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला आहे, सेकंड शिफ्ट. रात्री पावणेअकराला सुटते, स्कूटरवरून एकटी येते. तुम्ही गच्चीवरून अंधाराचं कौतुक करताय, खाली रस्त्यावर मी असते. गेल्या पावसाळ्यात आमच्या वळणावरचा एक दिवा तीन आठवडे बंद होता, मी रोज घरी फोन लावून कानात ठेवून ते शंभर फूट काढायचे, नवरा पलीकडून नुसता "आलीस का, आलीस का" करायचा. तेव्हा दिवे बंद करा हे वाक्य जरा जपून.

पण एक सांगते. असाच एक फोकस आमच्या रस्त्यावर एका गोदामावर आहे, समोरून डोळ्यात येतो. त्या उजेडात मला काहीच दिसत नाही! फोकसच्या खाली कोण उभं आहे, खड्डा आहे का कुत्रं आहे, सगळं काळं. त्याच्या पुढं गेलं की अजून दोन मिनिटं डोळ्यापुढं निळे ठिपके. उजेड पाहिजे तो पायाखाली, तोंडावर नको. एवढं जमवा, मग तुमचे तारे बघा खुशाल.

माळवदावरचा | २९ मार्च, रात्री ९:२०

ताई, राग कसला, बरं झालं लिहिलंत. मी खरंच हा विचार केला नव्हता. पोरीला दाखवलं तुमचं, तिनं चिठ्ठीतलं "दिवे बंद करा" खोडून "दिवे खाली करा" लिहिलंय. त्याचा अर्थ लोकांना काय कळणार देव जाणे.

शिवारातून | ३० मार्च, पहाटे ४:१५

मोहोळकडचा हाय मी. टाईम बगा पोस्टचा. शेतीच्या पंपाला रात्रीची लाईट हाय या आठवड्यात, ज्वारी निघाली पण ऊस हाय ना, पाण्याची दारं धरून बसलोय. तुमाला अंधार पायजे, आमाला दिवसाची लाईट पायजे, असं हाय. पायात गमबूट, हातात बॅटरी, बांधावर घोणस कवा दिसंल सांगता येत न्हाई.

तारे म्हणाल तर डोक्यावर खच पडलाय. आमचा म्हातारा घड्याळ कवा वापरायचा न्हाई, तिकांडं कुठवर कललं बगून बैल जुपायचा. आणि बाजलं, ते उत्तरंचं, चार पायांची म्हातारीची खाट आणि मागं तीन चोर. पोरांना आता तिकांडं म्हटलं की काय कळत न्हाई, पण मोबाईलमधी बोट करून ओरायन म्हणत्यात.

एक गोष्ट मातर खरी. दहा-पंधरा वर्षांमागं इथनं आग्नेयेला काळं असायचं, आता सोलापूरच्या बाजूला रातभर पांढरट उजेड दिसतोय, दिवस उगवायलाय असं वाटतंय. कोंबडं सुदीक फसतंय एखादं.

अगस्ती | ३० मार्च, ७:३०

दादा सोनं लिहिलंत. माळवदावरचा यांच्या आईंना पण हेच दाखवायचं असणार बहुतेक. माहीत नसलेल्यांसाठी, तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाजलं-तीन चोर म्हणजे सप्तर्षी. त्या तीन चोरांतला मधला म्हणजे वसिष्ठ. नीट बघितलं तर त्याला चिकटून एक बारका तारा दिसतो, अरुंधती. लग्नात गुरुजी नवरानवरीला दाखवतात ती हीच. आजकाल अक्षता पडल्या की दिशेकडं नुसतं बोट करतात आणि जोडपं पंख्याकडं बघून मान डोलावतं.

आता गंमत बघा, मंगल कार्यालयाच्याच फोकसनं अरुंधती गायब झाली आहे. कार्यालयाला फोकससाठी अर्ज द्या आणि त्यात हे लिहा.

चटणीभाकरी | ३० मार्च, ७:५८

एक नंबर. लग्न लावायला हॉल घ्यायचा, अरुंधती बघायला मोहोळला जायचं

गुणाकार | ३० मार्च, ८:१०

त्यांना तारे सांगू नका, आकडे सांगा. ४.४ युनिट रोज, व्यापारी दर लावून वर्षाचं काढा आणि कागद हातात द्या. धंदेवाल्या माणसाला एवढी भाषा कळते.

माळवदावरचा | ६ एप्रिल, रात्री १०:०२

अपडेट. गेलो होतो. मी, पोरगी, आणि गल्लीतले एक निवृत्त मास्तर. मॅनेजर माणूस वाईट नाही, बसवलं, पाणी दिलं, पोरीला पेढा दिला. ऐकून घेतलं आणि म्हणाला साहेब कॅमेरे आहेत, उजेड नसेल तर कॅमेऱ्यात काही येत नाही, एकदा जनरेटरचं डिझेल चोरीला गेलंय. मी म्हटलं बंद करू नका, नुसता खाली वाकवा, वर पत्र्याचा टोप लावा, पत्रा आम्ही आणतो. तर म्हणे मालकांना विचारतो. मालक पुण्याला. वर्षाच्या बिलाचा कागद बघून मात्र जरा गप्प झाला.

अरुंधतीचं पण सांगितलं. म्हणाला आमच्याकडं दिवसाचीच लग्नं जास्त असतात.

रिटायर्डवायर | ६ एप्रिल, १०:३०

हा हा. कॅमेऱ्यासाठी सेन्सरवाला दिवा लावा म्हणावं, हालचाल झाली की लागतो, नाहीतर बंद. चोर एकदम उजेडात सापडतो, आणि अचानक लागलेल्या दिव्याकडं शेजाऱ्यांचं लक्ष पण जातं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडं कोण बघतं?

माळवदावरचा | १७ एप्रिल, रात्री १०:४५

आज अमावस्या. यावेळी दहाच घरं बंद झाली, आयपीएल होती. फोकस होते तसेच. अगस्ती यांनी सांगितलं होतं की नऊच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर कर्क राशीत पुष्याचा तारकागुच्छ कापसाच्या बोळ्यासारखा दिसला तर आकाश बरं समजायचं. नाही दिसला. चादर उभी धरून फोकस अडवला तेव्हा मास्तरांना "काहीतरी" दिसलं, पण मास्तर सगळ्यांना बरं वाटावं म्हणून बोलतात. आई म्हणाली लोडशेडिंग होतं तेव्हा बरं दिसायचं. आठ आठ तास लाईट जायची तेव्हा याच बाईनं शिव्या घातलेल्या मी ऐकल्यात.

पेंचवाला | १९ एप्रिल, १:२०

मूळचा सोलापूरचा, आता नागपूरला. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच, आपल्या महाराष्ट्रात. मी जाऊन आलो. त्यांनी काही जगावेगळं केलेलं नाही, आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलले, वर टोपण असलेले आणि खाली बघणारे लावले. गाव अंधारात नाही, रस्ता दिसतो. मान वर केली की आकाशगंगा. माझी बायको रडली तिथं, मी नाही, माझ्या डोळ्यात कचरा गेला होता.

आपल्याकडं नान्नजच्या माळरानाच्या बाजूला अजून बरंच काळं आकाश आहे, पण अभयारण्यात रात्री घुसू नका कुणी, रस्त्याकडेनं बघा. माळढोक आधीच संपत आलाय, त्याला अजून टॉर्चा नकोत.

नाईटशिफ्ट | १९ एप्रिल, २:०५

आमच्या वळणावरच्या दिव्याला टोप बसवता येतो का कुणी सांगेल का? खांबावरचा आहे, स्वतः चढायचं म्हणत नाहीये.

रिटायर्डवायर | १९ एप्रिल, ६:४०

अजिबात हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका. लेखी तक्रार द्या, खांबाचा नंबर लिहा, खांबावर रंगवलेला असतो. नंबर नसेल तर कागद फिरत राहतो.

माळवदावरचा | १२ मे, रात्री ११:३०

बसा सगळे. फोकस खाली झाले!!

आमच्या अर्जानं नाही, आकड्यानं नाही, अरुंधतीनं तर नाहीच. काल संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला ना, गारा पण पडल्या, आणि तासाभरात पंखवाले किडे उठले, हजारोंनी. कार्यालयात रिसेप्शन होतं, बुफे बाहेर लॉनवर, फोकसच्या खालीच. सगळे किडे सरळ बासुंदीत! मसालेभातावर काळा थर, एक मावशी पदर डोक्यावर घेऊन पळाल्या, वरपित्यानं मॅनेजरला जे बोलून घेतलं ते आमच्या गच्चीवर स्वच्छ ऐकू आलं. आज सकाळी वायरमन शिडी घेऊन हजर. दोन्ही फोकस खाली वाकवले, वर पत्र्याचे टोप, आणि एकात पिवळा दिवा घातलाय. मॅनेजर मला बघून म्हणाला तुम्ही पत्रा देणार होता ना. दिला.

अगस्ती | १२ मे, ११:४२

जय हो किडे महाराज. त्यांना दिवा आवडतो म्हणून येतात असं आपण समजतो, पण २०२४ च्या एका संशोधनात दिसलं की उडणारा किडा पाठ उजेडाकडं ठेवून वर-खाली ओळखतो, रात्री वर म्हणजे आकाश, तिथंच जास्त उजेड. शेजारी दिवा लागला की त्याला तोच वर वाटतो, पाठ तिकडं करत करत तो गोल फिरत राहतो, सुटत नाही. बिचारे अडकतात. पिवळ्या दिव्याकडं पांढऱ्या-निळ्यापेक्षा कमी येतात, ते वायरमनला बरोबर माहीत होतं.

आता असं करा, पावसानं धूळ बसली आहे, १६ तारखेला परत अमावस्या. साडेनऊला दक्षिणेला बघा, विजापूरच्या बाजूला. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, क्षितिजापासून एक मूठ ते दीड मूठ एवढ्यात चार ताऱ्यांचा पतंग उभा दिसेल, त्रिशंकू. डावीकडं दोन ठळक तारे, मित्र आणि मित्रक, त्यातला मित्र सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवरचा, आपल्या सूर्याचा शेजारी. दिल्लीच्या लोकांना त्रिशंकू नीट वर येतच नाही, आपण १७ अक्षांशाला आहोत म्हणून ही चैन. उलट ध्रुव आपल्याकडं पावणेदोन मुठीच वर, आणि तुमच्या उत्तरेला अख्खं शहर, तो विसरा.

चटणीभाकरी | १६ मे, सायंकाळी ७:१५

मी पण येऊ का गच्चीवर, आमच्या बिल्डिंगच्या टेरेसला कुलूप असतंय

माळवदावरचा | १६ मे, ७:१८

ये की, त्यात काय विचारायचं. येताना शेंगा आण. एसी बंद करून ये.

माळवदावरचा | १६ मे, रात्री ११:५०

दिसला. त्रिशंकू दिसला, पतंगासारखाच, पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला. चटणीभाकरी अर्धा तास वेगळेच चार तारे दाखवत होता.

आणि बाजलं, उत्तरेला चांगलं उंचावर, शहराचा उजेड असून दिसलं. पोरीनं आजीला विचारलं मधल्या चोराजवळ दुसरा दिसतोय का गं. आई म्हणाली मला एकच चोर दिसतोय, तुला? पोरगी म्हणाली दोन. आईनं चष्मा पुसला, परत बघितलं, म्हणाली एकच. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही दिवाळीपासून पुढं ढकलतोय. सोमवारी नंबर लावायला जातोय.

शिवारातून | १७ मे, पहाटे ३:४०

आईला म्हणावं ऑपरेशन झालं की मोहोळला या. लाईट परत रात्रीचीच हाय, मी जागाच असतो.